कापराची चव

दर्शन येणार होता त्या सकाळी अम्माचं कफन मागच्या पडवीत दांडीवर टांगलेलं होतं. ते ओलं नव्हतं. वास जावा म्हणून अम्मा ते रोज सावलीत घालायची आणि कोंबडी जवळ आली की काठी आपटायची. उन्हात घालायचं नाही, धुवायचं तर नाहीच. धुतलं तर त्यातलं जमजम जाईल, असं तिचं म्हणणं.

अब्बा-अम्मा हजला गेले, तेव्हा दोघांनी आपापलं कफन तिथे मक्केत जमजमच्या विहिरीच्या पवित्र पाण्यात भिजवून, वाळवून बरोबर आणलं. आमच्याकडे बरेच हाजी आणतात. दोन्ही कफनं, कापराच्या वड्या आणि अत्तराची एक कुपी अशी सगळी तयारी पत्र्याच्या ट्रंकेत गेली आणि ट्रंक पलंगाखाली. अम्मा तिला हात लावत नसे. केर काढताना झाडू ट्रंकेच्या अलीकडेच थांबायचा. तिथे वर्षानुवर्षांची धूळ होती, आणि इतर बाबतीत अम्माच्या घरात धूळ सापडत नाही.

अब्बाने हे बरोबर हेरलं होतं.

माझे वडील, हमीद होडेकर, जन्मभर मालवाहू जहाजांवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. जहाजावरच्या एका तमिळ, दिंडिगलकडच्या सोबत्याने त्यांना चिरूट वळायला शिकवलं. निवृत्त झाल्यावरही तो सोबती तिकडून पानं पाठवायचा, आणि अब्बा आमच्या साखरतरच्या घरात, पुढच्या पडवीत फणसाच्या फळीवर बसून वळायचे. मला लहानपणापासून त्याची शिसारी. ओल्या पानांचा गोठ्यासारखा वास. पिवळी पडलेली नखं. वळून झालं की वरच्या पानाची कड भाताच्या पेजेने चिकटवायची आणि शेवटचं टोक मात्र जिभेवरून फिरवून बसवायचं. ती बाहेर आलेली जाड, तपकिरी जीभ पाहिली की मी अर्ध्या जेवणातून उठून जात असे.

हजला जाण्याआधी त्यांनी मशिदीत चार माणसांसमोर चिरूट सोडल्याची तोबा केली. त्याआधी, शेवटचे म्हणून, घरात होतं नव्हतं ते सगळं पान वळून काढलं. अम्माला वाटलं, ते चिरूट त्यांनी वाटून टाकले. हाजी होऊन परत आल्यावर घरात काडी पेटली नाही. फक्त रोज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर ते खाडीवर जाळं बघायला जायचे. जाळं आमचं नव्हतं, कुणाचं होतं तेही कधी कळलं नाही. परत आले की अम्मा त्यांच्या सदऱ्याला नाक लावायची आणि मग तांदळाची कणगी, गवताचा माळा, नारळाच्या सोडणांचा ढीग असं सगळं उपसायची. पत्र्याची ट्रंक तिने कधी उघडली नाही.

ते गेले त्या दिवशी ट्रंक मी उघडली. अम्माच्याने उठवत नव्हतं, आणि बाहेर पुरुष मंडळी कफनासाठी थांबली होती. झाकण वर केलं आणि कापराच्या थंड वासाच्या पोटातून तो दुसरा वास आला. अब्बाचं कफन वर होतं, अम्माचं खाली, आणि दोघांच्या मध्ये, पांढऱ्या कापडात नीट गुंडाळलेली, फणसाच्या लाकडाची पेटी. ज्या छातीच्या रोगाने ते गेले, त्याचं सामान त्यांनी स्वतःच्या कफनात ठेवलं होतं. मी पेटी काढून कपाटावर टाकली आणि कापड बाहेर दिलं. न्हाऊ घालणाऱ्यांपैकी एकाने ते हुंगून दुसऱ्याकडे पाहिलं. मग अत्तराची कुपी सगळीच्या सगळी रिकामी झाली.

अम्माला मी रात्री सांगितलं.

“म्हणजे कबरीत फरिश्ते सवाल विचारायला येणार, ते नाक दाबून,” ती म्हणाली. मग म्हणाली, “माझ्या कफनालापण लागला असंल गो वास?”

लागला होता. तेव्हापासून ते दांडीवर होतं. कुणी विचारलं तर ओल लागली म्हणून सांगायचं, असं आमचं ठरलं. हमझालाही नाही सांगायचं. हाजीसाहेबांची अब्रू होती.

*

हमझा माझा धाकटा भाऊ. दोह्याला एका मोठ्या हॉटेलात कामाला आहे. तिथे पाहुण्यांना सिगार ओढायला वेगळी खोली आहे, मऊ खुर्च्यांची, आणि हमझा त्या खोलीचं बघतो. अब्बाला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पोहोचला. त्याला चेहरा दिसला नाही. त्याने एकदाही तक्रार केली नाही, पण कपाटावरची पेटी सापडल्यावर ती मांडीवर घेऊन तो दुपारभर बसून राहिला.

ती पेटी मी खाडीत टाकणार होते. रोज ठरवायचे आणि रोज राहून जायचं. तिच्याजवळून गेलं तरी घशाशी येई. शेवटचे महिने मी रोज शहरातून येऊन त्यांची थुंकदाणी साफ केली होती. त्यातलं जे होतं त्याचा आणि ह्या पेटीचा वास एकच होता. तरी टाकली नाही.

हमझाने चिरुटांचे फोटो काढून दर्शनला पाठवले. दर्शन पुण्याचा. त्याचा तिथे सिगारप्रेमींचा क्लब आहे, आणि दोह्यात आला की तो हमझाच्याच खोलीत बसायचा. त्याला स्वतःच्या नावाची, इथे हाताने वळलेली सिगार काढायची होती. हमझाला वळता येतं. शाळेच्या सुट्टीत अब्बाशेजारी बसून तो शिकला होता, आणि मी उठून जायचे तेव्हा तो पुढे सरकून बसायचा. दर्शनने म्हटलं होतं, आधी वडिलांचा माल ओढून बघतो. जमला तर पानं, पैसे, विक्री सगळं माझं, तू घरी बसून वळ. नाही जमला तर विषय संपला.

नाही जमला तर हमझाची रजा संपत होती, आणि दोह्याहून रोज फोन येत होते.

अम्माला एवढंच कळत होतं की पुण्याचा माणूस चिरूट ओढून ‘चांगला’ म्हणाला की पोरगा घरी राहणार. जिने तीस वर्षं चिरुटाला शिव्या घातल्या, ती त्या सकाळी दर्शनसाठी नारळाच्या रसातल्या शेवया करत होती.

“चांगला म्हणंल ना गो?” तिने मला विचारलं.

“मला काय माहीत, अम्मा.”

“तू वाचतंस एवढं, आणि एवढं म्हाईत नाय?”

*

दर्शन गणपतीपुळ्याला उतरला होता. आरेवारेच्या रस्त्याने आला आणि आल्या आल्या समुद्राचं कौतुक करून झाल्यावर अब्बाच्या फोटोसमोर हात जोडून उभा राहिला. आमच्यात फोटोला हात जोडत नाहीत. हमझाने अम्माकडे पाहिलं. अम्माने “राहू दे” अशी मान हलवली. माणूस वाईट नव्हता. पन्नाशीचा, टापटीप, मऊ बोलणारा. मला ‘ताई’ म्हणत होता आणि बोलताना नजर चुकवत नव्हता. त्याची शिसारी यायला काही कारण नव्हतं, आणि म्हणून मी तिथे बसले.

पुढच्या पडवीत अब्बाच्याच फळीवर त्याने आपलं सामान मांडलं. चामड्याची घडी, त्यात पोलादी कातर, लांब काड्या, एक छोटी पांढरी बशी. पेटीतून एक चिरूट उचलून त्याने तो उजेडात धरला आणि हळूहळू फिरवला. मग अंगठ्याने दाबत टोकापर्यंत गेला, बाळाचा पाय चेपावा तसा.

“एकही भोक नाही,” तो म्हणाला. “इतकी वर्षं, ह्या हवेत. कोकणात दोन पावसाळ्यांत कीड लागते. बुरशीसुद्धा नाही. कुठे ठेवत होते?”

“पेटीत,” हमझा म्हणाला. “घरातच.”

“पेटी कशात?”

“घरातच,” हमझा पुन्हा म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. मी बाहेर पाहत होते. आंब्यांना मोहोर होता आणि त्याचा वास सकाळपासून घरात भरून राहिला होता. आता तोही मला अंगावर येत होता.

दर्शनने चिरूट नाकाखालून आडवा ओढला. डोळे मिटले. मग न पेटवताच तोंडात धरून हवा ओढली आणि ओठांवरून जीभ फिरवली.

“टोक कशाने चिकटवलंय? डिंक नाहीये हा.”

“पेज,” हमझा म्हणाला. “भाताची पेज.”

“कडेला पेज,” मी म्हटलं. “टोकाला थुंकी.”

हमझाने माझ्याकडे डोळे मोठे केले. दर्शन हसला. “जुने कारागीर असंच करायचे, ताई. क्यूबातसुद्धा म्हणे करायचे.” आणि त्याने ते टोक पुन्हा ओठांत धरलं.

माझ्या वडिलांची जीभ जमिनीखाली होती आणि तिची थुंकी ह्या माणसाच्या ओठांवर. मी तांब्यातलं पाणी प्यायले. पाण्यालाही वास येत होता असं वाटलं.

कातरीने टोक उडालं. लांब काडीने त्याने चिरूट पेटवला. ज्योत न टेकवता, लांबून, भाजल्यासारखा. हमझानेही एक पेटवला. धूर आमच्या कौलांकडे गेला आणि तिथे राहिला, जसा पूर्वी राहायचा. आतून अम्मा एकदा खोकली.

मग दर्शन कामाला लागला. दुसरा शब्द सुचत नाही. तो चिरूट ओढत नव्हता, तपासत होता. दोन झुरके घ्यायचा, थांबायचा, तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवायचा, राखेकडे बघायचा, मग फोन तोंडाजवळ नेऊन हलक्या आवाजात बोलायचा. “राख करडी, घट्ट. पडत नाही. जळतेय एकसारखी. सुरुवात मातीची, ओल्या मातीची. थोडं चामडं. कडवट, पण चांगली कडवट, कारल्यासारखी. मागे गूळ आहे का? आहे. काकवी.” त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात एक तपकिरी थेंब जमला होता. तो त्याने जिभेने आत घेतला. मी आयुष्यात पुष्कळ जेवणाऱ्यांची तोंडं पाहिली आहेत, पण इतकं लक्ष देऊन चाललेलं तोंड पाहिलं नव्हतं.

हमझा आपला न ओढता दर्शनच्या चेहऱ्याकडे बघत होता. निकालाच्या दिवशी शाळेच्या भिंतीशी उभा राहायचा तसा.

निम्मा चिरूट जळल्यावर दर्शन थांबला. परत ओढला. कपाळाला आठी पडली.

“हे काय आहे?”

“काय?” हमझा पुढे झुकला.

“आत्ता येतंय. थंड काहीतरी. नाकात वर चढतंय.” त्याने पुन्हा झुरका घेतला. “कापूर? कापूरच. आणि त्याच्या मागे गुलाब, किंवा ऊद. हमझा, मी जगातल्या सिगार ओढल्यात रे. हे कुठेच नाही. हे कसं केलं त्यांनी?”

हमझाला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा क्षणभर कोरा झाला आणि मग तो खोटं बोलला, इतक्या सहज की हॉटेलात हेच शिकवत असतील. “ती आमची घरची पद्धत आहे, साहेब. अब्बा कापरात मुरवायचे. जहाजावर शिकलेले.”

“किती कापूर? किती वर्षं?”

“ते... बघून सांगतो. हाताला आठवतंय.”

“हाताला आठवून नाही चालणार. मला हीच चव पाहिजे, दरवेळी.” तो माझ्याकडे वळला. “ताई, तुम्ही तर त्यांच्या जवळ होतात. तुम्हाला ठाऊक असेल.”

मी हमझाच्या हातातून त्याचा चिरूट घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. हमझा बघतच राहिला. टोक ओलं होतं. मी डोळे मिटले नाहीत. समोर खाडीचं पाणी ओसरत होतं आणि चिखल उघडा पडत होता, त्याच्याकडे बघत झुरका घेतला.

आधी नुसती जळजळ. मग खरोखरच माती, आणि कारलं, दर्शन म्हणाला तसं. त्याचं नाक चांगलं होतं. आणि मग टाळूला काहीतरी गार लागलं, आणि मी ट्रंकेपुढे गुडघ्यांवर होते. बाहेर पाण्याच्या बादल्या वाजत होत्या, आणि माझ्या हातात तीन पांढरी कापडं. त्या दिवशी घराला जो वास होता तो मी गिळत होते. मी चिरूट हमझाला परत दिला.

सांगायचं नाही असं ठरलं होतं. पण ह्या माणसाने एकदा तरी तोंडातून ते काढावं, थुंकावं, असं मला फार वाटलं.

“ते कफनाचं आहे,” मी म्हटलं.

दर्शनला कळलं नाही. मी सावकाश सांगितलं. हज, जमजम, ट्रंक, कापराच्या वड्या, अत्तराची कुपी. अम्माला सापडू नये म्हणून त्यांनी पेटी दोन कफनांच्या मध्ये ठेवली. त्यातलं एक त्यांच्या अंगावर गेलं. कापूर प्रेताला लावण्यासाठी असतो. तुम्ही म्हणताय तो गुलाबही त्यातलाच.

हमझाचा चिरूट बोटांतच विझला होता. “मला का नाही सांगितलंस?” तो म्हणाला. मी दर्शनकडे बघत होते.

त्याने हातातल्या चिरुटाकडे पाहिलं. राख आता पडली, त्याच्या पँटवर. ती त्याने झटकली नाही. चिरूट परत तोंडाशी नेला आणि ओढला, आधीपेक्षा हळू, आणि धूर आत धरून ठेवला. सोडला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

“आता कळलं,” तो म्हणाला. “आता कळलं ते काय होतं.”

मला सगळ्यात घाण वाटली ती त्या डोळ्यांतल्या पाण्याची. ते खरं होतं. नाटकी असतं तर मी सहन केलं असतं.

“रागावू नका, ताई,” जरा वेळाने तो म्हणाला. “पण ही गोष्ट... माणूस स्वतःच्या शेवटच्या वस्त्रात स्वतःचं सुख लपवून ठेवतो. लोक हे ओढतील, आणि ओढताना रडतील. हमझा, ती ट्रंक आहे अजून?”

“आहे.”

“कापूर बाजारात मिळतो,” मी म्हटलं. “मांजरपाटही मिळतं. अत्तर राजिवड्यात कुणीही देईल. घाला नव्या ट्रंकेत.”

“मग ती नुसती वास मारलेली सिगार झाली, ताई. तशा ढिगाने आहेत. हे खरं आहे म्हणून तर...” तो थांबला. काहीतरी हिशोबात आलं असावं. “दोन कफनं म्हणालात ना? दुसरं कुठेय?”

हमझाने मान वळवली आणि माजघरातून सरळ मागच्या दारापर्यंत पाहिलं. तिथून दांडी दिसते. ओल लागलेलं कफन इतके दिवस का टांगलं होतं, ते त्याला तेव्हा कळलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो “नाही” म्हणेल, म्हणून मी वाट पाहिली.

“आहे,” हमझा म्हणाला. “मागे आहे.”

*

अम्मा शेवयांच्या बशा घेऊन येईल असं वाटलं होतं. ती आली ती दोन्ही हातांवर कफन घेऊन, घडी घातलेलं. दाराआडून तिने सगळं ऐकलं होतं. तिने ते हमझासमोर फळीवर ठेवलं, चिरुटांच्या शेजारी.

“घे,” ती म्हणाली. “ठेव तुझे चिरूट ह्यात. मी ट्रंक पुसून देतंय.”

“अम्मा,” मी म्हटलं.

“तू गप गो. मातीत जाणाराय ता. मातीला कसलं नाक?” मग दर्शनला, शुद्ध बोलायचा प्रयत्न करत, “ह्याच्यामुळे राहील ना तो इथे?”

“राहील, आई,” दर्शन म्हणाला. “नक्की राहील.”

इतके दिवस कोंबड्या हाकत, एकेक घडी उलटीसुलटी करत, नाक लावून “आज कमी हाय जरा” म्हणत तिने ते कापड राखलं होतं. अल्लापुढे स्वच्छ जायचं, एवढीच तिची हौस. आणि तिने ते असं आणून ठेवलं, जसं दुसऱ्याच्या घरी ताट झाकायला फडकं द्यावं.

हमझाने हात जोडले असते, उठून गेला असता, रडला असता, तरी मी पुढचं काही केलं नसतं. तो भला आहे. माझ्यापेक्षा भला आहे. अम्माचे पाय रोज रात्री तोच चेपत होता. पण त्याला घरी राहायचं होतं, आणि त्या खोलीतल्या मऊ खुर्च्यांमागे उभं राहून त्याची इतकी वर्षं गेली होती. त्याने कफनाची वरची घडी उचलली, नाकाशी धरली आणि हुंगली. एकदा. मग दुसऱ्या बाजूने. कपाळाला आठी घालून, दर्शनने घातली होती अगदी तशी.

“कापूर कमी झालाय,” तो म्हणाला. “हवेवर राहिल्यामुळे. पण आहे अजून.”

मी उठले आणि त्याच्या हातातून ते घेतलं. ओढावं लागलं नाही. त्याला वाटलं, मलाही हुंगायचंय.

मागच्या दारी धुण्याच्या दगडाजवळ बादली भरलेली होती. मी कफन तिच्यात बुडवलं, बाईच्या कफनाची असतात ती पाचही कापडं. कोनाड्यातली पावडर, मुठीने, दोनदा. कापड आधी वर आलं, फुगलं, मग दाबल्यावर खाली गेलं. पाण्याला फिकट पिवळा रंग सुटला, चहा गाळल्यावर गाळणीखाली राहतो तसा. मी चोळत राहिले. मागून हमझा आला आणि पायरीवर उभा राहिला.

“काय केलंस तू?” तो म्हणाला. “कौसर, काय केलंस?”

मी पिळलं आणि परत बुडवलं.

“तुला तो वास आवडत नाही म्हणून. कधीच आवडला नाही. तुझी शिसारी पुरी झाली, बस.” तो ओरडत नव्हता. “मी जातो मग. तुम्ही दोघी बसा स्वच्छ.”

तो खोटं बोलत नव्हता. मी अम्मासाठी केलं, असं म्हणायला तोंड उघडलं असतं तर त्यात अजून कापूर होता.

पुढे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दर्शन भला माणूस. जाताना शेवयांची बशी रिकामी करून गेला, आणि पेटीतले उरलेले चिरूट हमझाने त्याला दिले. आठवण म्हणून, असं तो नंतर म्हणाला. मी खाडीत टाकणार होते ते एका परीने गेलेच, फक्त पुण्याला. रजा संपायच्या आधीच हमझाने तिकीट काढलं.

त्या दुपारी अम्मा माझ्याजवळ आली ती उशिरा, गुडघ्यांवर हात टेकत. मी शेवटचं कापड दांडीवर पसरत होते. उन्हात. आता उन्हाची काही हरकत नव्हती. ती दांडीशी उभी राहिली. मला वाटलं, थोबाडीत मारेल. मारायला हवं होतं.

“दिलंस त्याला घालवून,” ती म्हणाली.

“हो.”

“जमजमपण गेलं.”

“हो, अम्मा.”

तिने ओल्या कापडाची कड उचलून नाकाला लावली. बराच वेळ. मी पाण्याच्या थेंबांकडे बघत होते, ते जांभ्या दगडावर पडून लगेच आत जिरत होते.

“लिंबाचा वास येतो,” ती म्हणाली.

“पावडरीचा आहे.”

“शी.” तिने पुन्हा नाक लावलं, आणखी आत, जिथे कापड दुमडलं होतं तिथे. तिथे थांबली. मलाही माहीत होतं तिथे काय आहे. मी तासभर चोळत होते आणि ते गेलं नव्हतं.

“आता फरिश्ते विचारणार,” अम्मा म्हणाली, “ही बाई कुठनं आली, सरबताच्या दुकानातनं?” तिने कापडाची कड सोडली नाही. “आणि मग आत हुंगतील, आणि म्हणतील, नाय नाय, ही त्याचीच.”

मी दुसरं कापड नीट करायला गेले. अम्माने माझा हात बाजूला केला.

“ऱ्हाव दे,” ती म्हणाली. “आता परत धू नको.”